सहा चुकलेल्या भेटी: देवगडच्या एका खलाशाचं प्रोबेशन प्रकरण

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या गुन्ह्यात प्रोबेशनवर, म्हणजे शिक्षा न सुनावता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, सुटलेला एक तरुण देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याकडे जायचा बंद झाला आणि त्यापायी पुन्हा कोर्टापुढे उभा राहिला, त्याचं हे प्रकरण. मी त्याचं वकीलपत्र घेतलं ते या दुसऱ्या टप्प्यावर, तालुका विधी सेवा समितीमार्फत. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत, काही बदलले आहेत. कायद्याच्या बाबतीत मात्र काहीही बदललेलं नाही.

आमच्या भागात कोर्टाच्या तारखेला माणूस घाबरतो. काम बुडालं तरी चालेल, पण तारीख चुकवत नाही. परिवीक्षा अधिकाऱ्याची भेट मात्र तारखेत धरली जात नाही. "ऑफिसात जाऊन सही करायची आहे, पुढच्या वेळी करू" अशी समजूत असते. या मुलाला तुरुंगाच्या दारापर्यंत नेलं ते या समजुतीने, आणि ती त्याच्या एकट्याची नाही म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गुन्हा 2024 च्या शिमग्यातला. वय सव्वीस, देवगड बंदरातल्या एका ट्रॉलरवर खलाशी, वडील नाहीत, घरी आई आणि धाकटी बहीण. शिमग्याला बोटी बंदराला लागल्या आणि पोरं आपापल्या गावी गेली. पालखी घरोघर फिरत होती. रात्री मित्रांबरोबर दारू झाली आणि हा मोटरसायकल घेऊन निघाला. उताराच्या वळणावर पालखीहून घरी चालत निघालेल्या एका वयस्कर गृहस्थांना धडक बसली. ते गटारात पडले. कपाळाला टाके पडले, मनगट मुरगळलं. हा पळाला नाही. समोरून आलेली रिक्षा थांबवून त्यांना घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेला आणि तिथेच पोलिसांनी त्याच्या रक्ताचा नमुना घेतला. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम अल्कोहोल. त्याच्या नमुन्यात प्रमाण त्याहून बरंच जास्त निघालं.

तेव्हा भारतीय न्याय संहिता लागू झालेली नव्हती (ती 1 जुलै 2024 पासून आली), म्हणून कलमं जुनी लागली: भारतीय दंड संहितेची 279 (बेदरकार गाडी चालवणं) आणि 337 (त्यातून इजा), आणि मोटार वाहन कायद्याचं 185 (दारू पिऊन गाडी चालवणं). तिन्ही कलमांखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. 185 खाली पहिल्या गुन्ह्याला दहा हजारांचा दंडही. त्याने गुन्हा कबूल केला.

185 ची बहुतेक प्रकरणं दंडावर मिटतात, प्रोबेशन क्वचितच मिळतं. अपघातात माणूस दगावला असता तर ते जवळजवळ अशक्यच होतं. दलबीर सिंग विरुद्ध हरियाणा राज्य या 2000 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलं आहे की, बेदरकार गाडी चालवून मृत्यू घडवणाऱ्याला प्रोबेशनचा फायदा सहसा देऊ नये. इथे इजा साधी होती, आधीचा एकही गुन्हा नव्हता, जखमीला त्यानेच दवाखान्यात नेलं होतं आणि घर त्याच्या कमाईवर चालत होतं. कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्यांचा अहवाल मागवला. तो अनुकूल आला आणि नोव्हेंबरमध्ये अपराधी परिवीक्षा अधिनियम, 1958 च्या कलम 4 खाली आदेश झाला.

आदेश असा होता: शिक्षा आत्ता सुनावलेली नाही. दोन वर्षं चांगल्या वर्तणुकीचं हमीपत्र, सोबत पंधरा हजारांचा एक जामीनदार. जामीनदार सख्खा मामा. दोन वर्षं परिवीक्षा अधिकाऱ्यांची देखरेख, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ओरसला, जिल्ह्याच्या मुख्यालयी, जाऊन भेट. दारू प्यायची नाही. पत्ता किंवा फोन बदलला तर कळवायचं. पूर्वसूचनेशिवाय भेट चुकवायची नाही. कलम 5 खाली जखमीला आठ हजार भरपाई आणि कोर्टाचा थोडा खर्च. लायसन सहा महिन्यांसाठी गेलं, कारण 185 मध्ये दोषी ठरल्यावर त्याहून कमी मुदत चालत नाही.

आता त्याने यातून काय ऐकलं ते बघा. कलम 4 खाली सोडताना शिक्षाच सुनावलेली नसते, त्यामुळे दंडही नसतो. पण त्याने कोर्टात पैसे भरले होते, पावती घेतली होती. पुढे माझ्यासमोर बसून तो म्हणाला, "माका वाटला, पैसे भरले म्हणजे सगळा संपला." भरपाईची रक्कम त्याच्या लेखी दंड होती, आणि दंड भरला की केस संपते हे गावातल्या कुणालाही विचारा. हमीपत्रावर त्याची सही होती. मराठीत होतं, तरी अक्षर अन् अक्षर कायद्याचं. त्याचा अर्थ त्याला समजेल अशा भाषेत कुणी सांगितला होता असं मला वाटत नाही.

डिसेंबर आणि जानेवारीत तो गेला. फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत गेला नाही. सहा भेटी.

देवगडहून ओरस नकाशावर जवळ दिसतं. एस.टी.ने जायचं तर नांदगाव तिठ्यावरून कणकवली, तिथे गाडी बदलून ओरस, आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. अख्खा दिवस जातो. ट्रॉलर एकदा बाहेर पडला की आठ-दहा दिवस माघारी येत नाही. भेटीसाठी खलाशी मागे राहिला तर एका दिवसाची मजुरी बुडत नाही, पूर्ण फेरी हातची जाते, आणि मालक पुढच्या वेळी दुसरा माणूस बघतो. समुद्रात फोन लागत नाही. त्यात त्याने मधल्या काळात सिमकार्ड बदललं आणि नवा नंबर कळवला नाही. परिवीक्षा अधिकारी मॅडमनी जुन्या नंबरावर फोन केले, घरी दोन पत्रं पाठवली. पत्रं आईने देवाच्या फळीवर जपून ठेवली, पोरगा आला की देऊ म्हणून. पोरगा आला, जेवला, झोपला, दुसऱ्या दिवशी परत गेला. पत्रं तिथेच राहिली.

जुलैअखेर मॅडमनी कोर्टाला रिपोर्ट दिला. तो मी वाचला आहे आणि त्यात एक शब्दही आकसाचा नाही. किती भेटी झाल्या, किती चुकल्या, कधी फोन केला, कधी पत्र धाडलं, एवढंच. कलम 9 प्रमाणे असा रिपोर्ट आला की कोर्ट अपराध्याच्या नावाने वॉरंट काढू शकतं, किंवा त्याला आणि जामीनदाराला समन्स पाठवू शकतं. कोर्टाने आधी समन्सच काढलं. मामाला मिळालं. भाच्याचं समन्स घेऊन हवालदार घरी गेले तेव्हा मासेमारीची बंदी उठून बोटी बाहेर पडल्या होत्या. तारखेला तो हजर नाही म्हटल्यावर त्याच्या नावाने जामीनपात्र वॉरंट निघालं.

आणि मग गणपती आले. 2025 साली चतुर्थी 27 ऑगस्टला होती. कोकणातला माणूस वर्षभर कुठेही असो, चतुर्थीला घरी सापडतोच, हे पोलिसांनाही माहीत असतं. मामालाही माहीत होतं. आरती झाल्यावर मामाने त्याला मागीलदारी नेऊन जे काय सुनावलं ते सुनावलं, आणि विसर्जन झाल्यावर हाताला धरून माझ्याकडे आणलं.

मामाच्या हातात प्लास्टिकची पिशवी. त्यात समन्स, हमीपत्राची नक्कल आणि स्वतःच्या बागेचा सातबारा. सातबारा कशाला आणला असं मी विचारलं. "वकीलसायबानू, माज्या कलमांवर जप्ती येतली काय?" बागेत त्यांची हापूसची जुनी कलमं आहेत, घराचं वर्ष त्यांच्यावर निघतं. पंधरा हजारांची जबाबदारी आहे, बाग जात नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं. पण जामीनदाराची रात्रीची झोप उडते ती खरीच. जामीन राहताना आपण सही कशावर करतोय हे त्यांनीही वाचलेलं नव्हतं.

दरम्यान बोटीच्या मालकाने पोराला वेगळाच सल्ला दिला होता: एवढा सीझन काढ, बोटीवरच राहा, किंवा काही महिने गोव्याला जा, मामला आपोआप थंड होतो. हा सल्ला किनाऱ्यावर सर्रास दिला जातो आणि देणारे बहुतेक वेळा आपुलकीनेच देतात. म्हणून तो जास्त घातक. मामला थंड होत नाही. जामीनपात्र वॉरंटाच्या जागी अजामीनपात्र वॉरंट येतं, जामीनदारावर वसुलीची कार्यवाही सुरू होते, आणि स्वतःहून हजर झालेला व पकडून आणलेला या दोघांकडे कोर्ट एका नजरेने बघत नाही. कलम 9 खाली चौकशी होईपर्यंत त्याला कोठडीत ठेवायचं की जामिनावर सोडायचं हे कोर्ट ठरवतं. तिथे हा फरक रोकडा कामाला येतो.

आम्ही आधी वॉरंट रद्द करण्याचा अर्ज दिला आणि त्याच दिवशी तो हजर झाला. वॉरंट रद्द झालं, खुलासा द्यायला पुढची तारीख मिळाली. त्याच दुपारी मी त्याला ओरसला पाठवलं. कोर्टाने सांगितलं नव्हतं. पण सहा महिने ज्या दारात गेला नाही, तिथे कोर्टाची पुढची तारीख यायच्या आत जायलाच हवं होतं.

खुलाशात त्याला एकच ओळ लिहायची होती: "मी समुद्रात होतो." मालक दाखला द्यायला तयार होता. मी आधी बोटीच्या ये-जा नोंदी मागवल्या आणि आम्ही दोघं महिन्यामागून महिना लावत बसलो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल: पहिल्या आठवड्यात बोट खरोखरच बाहेर. मे: इंजिनाच्या कामासाठी बोट बंदरातच उभी, हा घरी. आणि पुढे जून-जुलै. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. ट्रॉलर किनाऱ्याला, जाळी शाकारलेली, सगळे खलाशी घरी. सहापैकी तीन चुका समुद्राच्या होत्या, तीन त्याच्या.

मग जून-जुलैत का गेला नाहीस, हे त्याच्याकडून काढायला वेळ लागला. 2025 च्या शिमग्यानंतर पुन्हा प्यायला लागला होता. रोज नाही, पण बोट धक्क्याला लागली की हमखास. मॅडमना वास येईल, त्या लिहून घेतील, तिथून सरळ आत टाकतील, अशी भीती मित्रांनी घातली होती. एकदा चुकली, दोनदा चुकली, मग कुठल्या तोंडाने जाऊ असं झालं.

माझ्या मते या प्रकरणाचं मर्म इथे आहे. ज्याला त्या भेटीची सगळ्यात जास्त गरज आहे तोच ती आधी चुकवतो. कायद्याच्या कलम 14 मध्ये परिवीक्षा अधिकाऱ्याची कर्तव्यं दिली आहेत. देखरेख ठेवणं आहेच. पण सल्ला देणं, मदत करणं आणि गरज पडली तर काम मिळवून देण्याचा प्रयत्न करणं हेही त्यातच आहे. तो माणूस पोलीस नाही. "मॅडम, पुन्हा सुरू झाली" हे सांगण्यासाठीच ती खुर्ची तिथे आहे. पण गावात खाकी आणि सरकारी टेबल यांत कुणी फरक करत नाही, आणि तो समजावून सांगण्याचं काम आदेशाच्या कागदाने होत नाही.

खुलासा आम्ही तीन-तीन असा दिला. तीन महिन्यांच्या नोंदी जोडल्या. उरलेल्या तीन महिन्यांसाठी कारण दिलं नाही, चूक मान्य केली. दारू पुन्हा सुरू झाल्याचंही लिहिलं. यावर माझी आणि मामाची चांगलीच वादावादी झाली. आपणहून कोण सांगतं, असं त्यांचं म्हणणं, कारण दारू न पिण्याची अटही मोडली होती. मी अशीलाला दोन्ही बाजू सांगितल्या. लपवलं आणि पुढे निघालं तर काय, सांगितलं तर काय. निर्णय त्याने घेतला, आणि त्याबद्दल मला त्याचा आदर वाटतो.

आता कलम 9 काय म्हणतं ते नीट वाचायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्या एका पोटकलमावर फिरलं. हमीपत्राच्या अटी मोडल्याची खात्री पटली तर कोर्टापुढे दोन वाटा असतात. पहिली, मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावणं. म्हणजे जी शिक्षा नोव्हेंबरमध्ये सुनावली नव्हती ती आता, सहा महिन्यांच्या कैदेपर्यंत कितीही. दुसरी वाट फक्त अटी पहिल्यांदाच मोडल्या असतील तर: हमीपत्र चालू ठेवायचं आणि पन्नास रुपयांपर्यंत दंड करायचा. होय, 50 रुपये. आकडा 1958 चा. तो दिलेल्या मुदतीत भरला नाही तरी मूळ शिक्षा सुनावता येते. त्यामुळे ती रक्कम किती लहान आहे याला अर्थ नाही. ती एकदाच मिळणारी सवलत आहे.

नुसता दंड घेऊन बाहेर पडलो असतो तर अडचण तशीच राहिली असती: महिन्याचा पहिला आठवडा आणि समुद्रातली बोट. अट बदलून हवी होती. कलम 8 प्रमाणे हमीपत्राच्या अटी बदलण्याचा अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्याने करायचा असतो, आरोपीच्या वकिलाने नव्हे. मी मॅडमना भेटलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो फार योग्य होता: "तो निघण्याआधी फोन करेल का? मला बाकी काही नको." त्यांनी अर्ज केला. बोट बाहेर असेल त्या महिन्यात निघण्यापूर्वी फोनवर कळवायचं आणि बंदराला लागल्यापासून तीन दिवसांत भेटायचं. बंदीच्या दोन महिन्यांत दर पंधरवड्याला भेट. आणि दारू सोडण्यासाठी सरकारी रुग्णालयात उपचार, त्याचे कागद दर भेटीला दाखवायचे.

पण अटी बदलायच्या तर जामीनदाराचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि तो संमती देत नसेल तर कोर्ट नवं हमीपत्र मागू शकतं. मामा अडून बसले. "ह्येका मी जामीन ऱ्हवलंय, म्हणून माका कोर्टात उभा करतत. आता परत सही कित्याक?" त्यांना दोष देता येत नाही. दोन दिवसांनी बहिणीने, म्हणजे पोराच्या आईने, मध्ये पडून मनवलं. त्यांनी स्वतःची एक अट घातली: मॅडमना फोन लावायचा तो माझ्यासमोर, माझ्या ओटीवर बसून. ही अट कुठल्याही कागदावर नाही. आजपर्यंतचे फोन तसेच लागले आहेत.

तारखेला न्यायाधीशांनी खुलासा वाचला आणि वर न बघता विचारलं, "मेमध्ये आणि बंदीच्या दोन महिन्यांत तुम्ही घरी होता?"

"होय साहेब."

"ओरसला का गेला नाहीत?"

त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही. "दारू परत लागली होती साहेब. मॅडमसमोर जायची लाज वाटली."

सरकारी वकिलांनी आपलं काम केलं: सहा भेटी, दोन पत्रं, बदललेला फोन नंबर आणि आता दारूची अटही मोडल्याची कबुली, तेव्हा मूळ शिक्षा द्यावी. म्हणणं चूक नव्हतं. मी दोन गोष्टींवर भर दिला. अटी मोडल्याचं कोर्टापुढे आलं ते पहिल्यांदाच. आणि वॉरंट रद्द झालं त्या दिवसापासून तो दोनदा ओरसला जाऊन आला होता, रुग्णालयाचा केसपेपर जोडलेला होता. मालकाचा नुसता दाखला जोडला असता आणि जून-जुलैचा प्रश्न आला असता, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. किनाऱ्यावरच्या न्यायाधीशाला मासेमारीची बंदी कधी असते हे कुणी सांगावं लागत नाही.

आदेश झाला: पन्नास रुपये दंड, हमीपत्र चालू, मॅडमच्या अर्जाप्रमाणे अटींत बदल. पुन्हा चुकल्यास मूळ शिक्षेचा विचार होईल, अशी समज तोंडी दिली. दंड त्याच दुपारी भरला. आणि या वेळी मी त्याला पावती दाखवून विचारलं, केस संपली का? "नाय. पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत," असं त्याने सांगितलं, तेव्हा मी फाइल मिटली.

त्यानंतर एकदा घसरला. बोट लागल्यावर मित्रांत बसला आणि प्यायला. दुसऱ्या दिवशी स्वतः फोन करून मॅडमना सांगितलं. त्यांनी रुग्णालयाची तारीख आधीची घेऊन दिली आणि आपल्या नोंदीत लिहिलं. कोर्टाला रिपोर्ट गेला नाही. जाऊ शकला असता, तो त्यांचा अधिकार होता. अट तीच, चूकही तीच. मे महिन्यात हा गप्प राहिला होता, या वेळी बोलला.

मुदत नीट पार पडली तर कलम 12 मुळे या दोषसिद्धीपायी एरवी लागणारी अपात्रता त्याला लागत नाही. व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून जायचं त्याच्या मनात आहे, त्यामुळे ही गोष्ट त्याच्यासाठी लहान नाही. पण याच कलमात पुढे असंही आहे की नंतर मूळ गुन्ह्याची शिक्षा झाली तर हे संरक्षण उरत नाही. पन्नास रुपयांची वाट त्याची वापरून झाली आहे.

तुमच्या घरात कुणी प्रोबेशनवर असेल तर हमीपत्राची नक्कल आजच काढून वाचा, भेटीची अट कुठली आहे ते बघा. जामीनदारालाही एक प्रत द्या. भेट चुकलीच असेल तर समन्सची वाट बघू नका. आधी अधिकाऱ्याला फोन, मग जमेल त्या पहिल्या दिवशी प्रत्यक्ष भेट, आणि न येण्याच्या कारणाचा खरा कागद असेल तर सोबत. वॉरंट निघालं असेल तर वकिलासह स्वतः हजर व्हा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. दारू सुटत नसेल तर 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि अधिकाऱ्यासमोर बसल्यावर ते लपवू नका.